खाऱ्या पाण्यावर उन्हाचा उतारा

‘पाणी उकळून प्या’ हे आम्ही डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षे सांगत आलो आणि लोकांनी ते मनावरही घेतले, ही समाधानाची गोष्ट आहे. पूर्णाकाठच्या गावांतून येणारे माझे रुग्ण पोट बिघडले की आधीच सांगून टाकतात, “डाक्टरसाहेब, आमी त पानी उकयूनच पेतो न जी!” त्यांचे म्हणणे खरे असते. परंतु आपल्या खारपाणपट्ट्यात एवढ्याने काम भागत नाही. उकळल्याने पाण्यातले जंतू मरतात, पाण्यातला खार मात्र जात नाही. उलट तो थोडा वाढतो. हा खार काढण्याची एक जुनी, सोपी व बिनविजेची रीत आहे. आजच्या लेखात तिची माहिती घेऊ.

दोन प्रकारची अशुद्धी

पाण्यातील अशुद्धी दोन प्रकारची असते, हे आधी नीट ध्यानात घेतले पाहिजे. पहिली जिवंत अशुद्धी, म्हणजे कॉलरा, विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे जंतू आणि विषाणू. दुसरी विरघळलेली अशुद्धी, म्हणजे मीठ व इतर क्षार, फ्लोराइड, नायट्रेट वगैरे. पहिलीने माणूस चार दिवसांत आजारी पडतो, म्हणून ती लवकर लक्षात येते. दुसरी वर्षानुवर्षे शरीरात मुरत जाते, त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होते.

आपल्या घरातले बहुतेक उपाय पहिल्या अशुद्धीवरचे आहेत. तुरटीने गढूळपणा खाली बसतो. क्लोरीनच्या थेंबांनी जंतू मरतात. कँडल फिल्टरने गाळ व बरेचसे जंतू अडतात. उकळल्याने जंतू मरतात. यांपैकी एकाही उपायाने मीठ निघत नाही. हिशेब करून पाहा. एका लिटरमध्ये २ ग्रॅम क्षार असलेले ५ लिटर पाणी चुलीवर ठेवले. त्यात एकूण १० ग्रॅम क्षार झाले. उकळता उकळता एक लिटर वाफ होऊन उडाले आणि ४ लिटर उरले. क्षार मात्र १० ग्रॅमच राहिले. म्हणजे आता लिटरमागे अडीच ग्रॅम! फ्लोराइड आणि नायट्रेटचेही असेच होते.

आपल्या भागाचा प्रश्न

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात शेकडो गावांचे भूजल खारे आहे. वानसारख्या धरणांतून नळयोजनेचे गोडे पाणी बऱ्याच गावांना मिळू लागले, हे खरे. पण नळ चार-आठ दिवस आला नाही, की पुन्हा विहीर नाहीतर हातपंप आलाच. शेतात कामाला गेलेली माणसे तर बांधावरच्या विहिरीचेच पाणी पितात.

भारतीय मानकाप्रमाणे (क्रमांक १०५००, २०१२ ची आवृत्ती) पिण्याच्या एका लिटर पाण्यात एकूण विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणीच उपलब्ध नसेल, तर २००० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे २ ग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे असे हे मानक सांगते. त्यापुढचे पाणी पिण्यायोग्य धरले जात नाही.

शेजारच्या यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांचा प्रश्न फ्लोराइडचा आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पाणी लहान मुले वर्षानुवर्षे पीत राहिली, तर दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. प्रमाण फारच जास्त असेल तर पुढे हाडे व सांधे आखडतात. दातांवरचे हे डाग कितीही घासले तरी जात नाहीत.

शरीरावर परिणाम काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. आता उन्हाळ्यात शेतात राबणारा माणूस दिवसाला चार-पाच लिटर पाणी सहज पितो. पाणी लिटरला दीड-दोन ग्रॅम क्षारांचे असेल, तर सहा ते दहा ग्रॅम क्षार नुसत्या पाण्यातून पोटात गेले. त्यातले सगळेच काही मीठ नसते, पण मोठा वाटा मिठाचा असू शकतो. वर भाजी, लोणचे, पापड आहेतच. ज्याला रक्तदाबाचा विकार आहे, त्याने लोणचे सोडले आणि पाणी तेच ठेवले, तर पथ्य अर्धेच पाळले गेले.

गरोदर स्त्रियांच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचे आहे. बांगलादेशच्या किनारी भागात पिण्याचे पाणी खारे आहे. तेथील गरोदर स्त्रियांवरील एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पाण्यातील मीठ आणि गरोदरपणात वाढणारा रक्तदाब यांचा संबंध त्यात दिसून आला. गरोदरपणी रक्तदाब वाढणे आईला व बाळाला किती घातक असते, हे ज्या घरावर प्रसंग गुदरला आहे त्या घराला सांगायला नको.

आणखी एक परिणाम आडवळणाने होतो. पाणी मचूळ लागते म्हणून माणूस पाणीच कमी पितो. विशेषतः बायका. लघवी कमी व गडद पिवळी होते, जळजळ होते आणि मुतखड्याला वाव मिळतो. ‘खाऱ्या पाण्याने खडा होतो’ असे सर्रास म्हटले जाते, पण मुतखड्याचे एक मोठे कारण पाणी कमी पिणे हे आहे, हे विसरू नये.

सर्वात नाजूक प्रसंग म्हणजे तान्ह्या मुलाचे जुलाब. अशा वेळी आपण जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून देतो. २००२ साली ठरलेल्या सूत्राप्रमाणे त्या पुडीत साधे मीठ २.६ ग्रॅम असते. ते मोजूनमापून घातलेले असते. पाण्यातच आधी दीड-दोन ग्रॅम क्षार असतील तर मोजमाप बिघडते आणि औषध गरजेपेक्षा खारट होते. म्हणून जलसंजीवनीसाठी घरातले सर्वात गोडे पाणी वापरावे. मात्र याचा उलटा अर्थ कोणी काढू नये. गोडे पाणी नाही म्हणून जलसंजीवनी द्यायचीच नाही, असे कदापि करू नये. मिळेल त्यातले कमीत कमी खारे पाणी घ्या, पण ती द्या, आणि मुलाला लगेच दवाखान्यात आणा. सहा महिन्यांच्या आतील बाळाला एरवी आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही लागत नाही, हेही येथे सांगून ठेवतो.

वाफेत मीठ नसते

वरणाच्या पातेल्यावरचे झाकण उचला. आतून पाण्याचे थेंब लगडलेले असतात. त्यातला एक थेंब जिभेवर ठेवून पाहा. वरणात मीठ, हळद, सगळे आहे, पण थेंब अळणी! कारण पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार खालीच राहतात. वाफ थंड पृष्ठभागाला लागली की तिचे पुन्हा पाणी होते आणि ते शुद्ध असते. यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात. आपल्या रसशास्त्रात तिर्यक्पातन यंत्राचे वर्णन आहे, ते हेच तत्त्व. अर्क याच रीतीने काढतात, मोहाची दारूही याच रीतीने गाळतात. पाऊस म्हणजे तरी काय? समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे सूर्याने केलेले ऊर्ध्वपातनच.

चुलीवर असे पाणी काढायचे तर सरपण फार लागते. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.७ युनिट विजेइतकी उष्णता खर्च होते. पण आपल्याकडे उन्हाची काय कमी? वर्षाची सरासरी धरली तर एक चौरस मीटर जागेवर दिवसभरात पाच-साडेपाच युनिटांइतके ऊन पडते, तेही फुकट. साध्या पेटीत त्यातला तिसरा हिस्सा कामी येतो आणि चौरस मीटरमागे दिवसाला सरासरी दोन ते तीन लिटर पाणी मिळते. वैशाखात थोडे जास्त, हिवाळ्यात कमी, आणि पावसाळी ढगांत जवळजवळ नाही.

ही नुसती पुस्तकी कल्पना नव्हे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या वाळवंटात लास सालिनास येथे १८७२ साली चार्ल्स विल्सन या अभियंत्याने काचेच्या उतरत्या छपरांखाली खाऱ्या पाण्याचे उथळ हौद बांधले. सुमारे साडेचार हजार चौरस मीटर क्षेत्रातून दिवसाला वीस हजार लिटरहून अधिक गोडे पाणी मिळे. खाणीवर राबणाऱ्या खेचरांना ते पाजले जाई. हा कारखाना अनेक दशके चालला. आपल्या देशात गुजरातेतील भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेने जवळच्या अवानिया गावासाठी १९७८ साली असाच सौर प्रकल्प उभारला. त्याची क्षमता दिवसाला ५ हजार लिटरांची होती.

पेटी कशी करावी?

गावचा गवंडी आणि काच बसवणारा कारागीर मिळून ही पेटी करू शकतात. मुख्य गोष्टी अशा :

१) गच्चीवर किंवा अंगणात, दिवसभर सावली पडणार नाही अशा जागी साधारण १ मीटर लांब व १ मीटर रुंद असा उथळ हौद करावा. तळ काळा हवा, म्हणजे ऊन शोषले जाईल. काळ्या कडप्प्याची फरशी चालते. तळाखाली लाकडाच्या भुशाचा जाड थर द्यावा, म्हणजे उष्णता जमिनीत जाणार नाही.

२) दक्षिणेकडची भिंत सुमारे १५ सेंटिमीटर आणि उत्तरेकडची ५० सेंटिमीटर उंच ठेवावी. त्यावर साधी स्वच्छ काच ठेवली की ती दक्षिणेकडे सुमारे २० अंश उतरती होते. आपला भागही साधारण २० ते २१ अक्षांशावर असल्याने हा उतार उन्हाला सोयीचा पडतो. काचेऐवजी प्लॅस्टिकचा कागद लावू नये. त्यावरचे थेंब ओघळण्याऐवजी पुन्हा हौदातच पडतात, आणि कागद उन्हाने लवकर फाटतो.

३) काचेच्या खालच्या कडेला आतून एक पन्हळ हवी. काचेवरून ओघळलेले पाणी तीत गोळा होऊन नळीवाटे बाहेरच्या भांड्यात पडते. ही पन्हळ स्टेनलेस स्टीलची असावी. तांबे, पितळ, जस्ताचा पत्रा किंवा शिशाचे डाग दिलेला जोड नको. ऊर्ध्वपातित पाणी धातू थोडेथोडे विरघळवते.

४) काचेच्या कडा माशांच्या टाकीला वापरतात त्या सिलिकॉनने हवाबंद कराव्यात. फटीतून वाफ निसटली तर सारी मेहनत वाया जाते.

५) हौदात पाणी दोन-तीन सेंटिमीटरच ठेवावे. खोल पाणी लवकर तापत नाही. दोन-तीन दिवसांनी उरलेले दाट खारे पाणी सोडून हौद धुवावा, नाहीतर तळावर पांढरा थर बसून काळा रंग झाकला जातो. हे पाणी झाडांना घालू नये. काचेवरची धूळ रोज पुसावी.

६) पहिल्या तीन-चार दिवसांचे पाणी फेकून द्यावे, सिलिकॉनचा वास जाईपर्यंत.

पावसाळ्यात पेटी बंद राहील म्हणून खंत नको. काचेच्या बाहेरच्या कडेलाही एक पन्हळ बसवा. पहिल्या एक-दोन सरींनी काच धुऊन निघाली, की पुढचे पावसाचे पाणी गोळा करा. तेही गोडेच.

सावधगिरी

जंतू वाफेबरोबर वर जात नाहीत, म्हणून पेटीतून येणारे पाणी निर्जंतुक असते असे समजायला हरकत नाही. पण ते ज्या भांड्यात पडते ते भांडे घाण असेल, किंवा त्यात हात बुडवला, तर सगळे व्यर्थ. भांडे झाकलेले आणि तोटीचे असावे.

दुसरी गोष्ट, आपला भाग कपाशीचा आहे. काही कीटकनाशके आणि रॉकेल-पेट्रोलसारखे पदार्थ स्वतःच वाफेबरोबर उडतात आणि पाण्यात येऊ शकतात. ज्या विहिरीजवळ फवारणीचे पंप धुतात तिचे पाणी या पेटीत घालू नये. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठी कशालाही, कधीही वापरू नये.

तिसरी गोष्ट, बॅटरीत घालण्यासाठी दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर पिऊ नये. ते पिण्यासाठी म्हणून तयार केलेले, भरलेले नसते.

नेहमीच्या शंका

‘असे पाणी निःसत्त्व नाही का?’ हा प्रश्न हमखास येतो. या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम नसते हे खरे. पण आपल्याला ही द्रव्ये मुख्यतः ज्वारी, डाळी, दूध, तीळ, पालेभाज्या यांतून मिळतात. चौरस आहार घेणाऱ्याला या पाण्याने अशक्तपणा येत नाही. तरी वर्षानुवर्षे केवळ हेच पाणी पिण्यापेक्षा त्यात थोडे विहिरीचे पाणी, आधी उकळून गार केलेले, मिसळावे. चवही येते आणि पाणी पुरतेही. विहिरीचे पाणी २००० मिलिग्रॅमचे असेल तर निम्मे-निम्मे मिसळल्यावर ते १००० वर येते. मात्र फ्लोराइड किंवा नायट्रेटच्या पाण्यात तपासणी करून घेतल्याशिवाय मिसळामिसळ करू नये.

‘मग आरओचे यंत्र काय वाईट?’ मुळीच वाईट नाही. गावात चांगला चाललेला आरओ प्रकल्प असेल तर तेथून पाणी जरूर आणा. त्यातून पाणी भरपूर मिळते. पण त्याला वीज लागते, आतील पडदा वेळोवेळी बदलावा लागतो आणि बरेचसे पाणी वाया जाते. शेतातल्या वस्तीवर, जेथे वीज कधी येईल याचा भरवसा नाही, तेथे ही पेटी उपयोगी.

‘आमचे पाणी गोडे आहे, फक्त जंतूंची भीती आहे.’ मग पेटीची गरजच नाही. पाणी उकळावे किंवा क्लोरीन वापरावे. सरपण नसेल तर आणखी एक उपाय आहे. बैरुतमधील प्राध्यापक आफ्तिम आक्रा यांनी १९८० च्या सुमारास तो अभ्यासून पुढे आणला. पारदर्शक, स्वच्छ, दोन लिटरपर्यंतच्या प्लॅस्टिक बाटलीत पाणी भरून ती कडक उन्हात सहा तास आडवी ठेवावी. आभाळ असेल तर सलग दोन दिवस. पाणी मात्र नितळ हवे. भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवा. वरून पाहिल्यावर मथळा वाचता आला तर पाणी पुरेसे नितळ आहे. या उपायाने जंतू मरतात, खार जात नाही. खारे पाणी बाटलीत खारेच राहील.

तीन लिटर कोणाला?

एका पेटीच्या दोन-तीन लिटरांत पाच-सहा माणसांचे घर भागणार नाही. म्हणून या पाण्याचा क्रम घरात ठरवून घ्यावा. पहिला हक्क लहान मुलांचा. सहा महिन्यांवरील बाळाची पेज, वरचे दूध आणि जुलाबात जलसंजीवनी या पाण्यात करावी. दुसरा हक्क गरोदर बाईचा. आपल्याकडे घरच्या सुनेला सगळ्यांच्या शेवटी मिळते, येथे तसे होऊ देऊ नये. तिसरा हक्क रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांचा. मूत्रपिंडाच्या रुग्णाने पाणी किती प्यायचे, हे मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आंघोळ, धुणी-भांडी यांना खारे पाणी चालते. तेथे हे मोलाचे पाणी वापरू नये. ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन पेट्या कराव्यात.

पण सर्वात आधी आपल्या पाण्यात काय आहे ते कळले पाहिजे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्यातील प्रयोगशाळेत पाठवावा. क्षार, फ्लोराइड आणि नायट्रेट या तिन्हींची तपासणी मागावी. पेनाएवढे टीडीएस मीटर बाजारात मिळते, त्याने क्षारांचा अंदाज येतो, पण फ्लोराइड त्यात वेगळे कळत नाही. अहवाल हाती आला की त्याची एक प्रत घरी जपून ठेवा, आणि रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे जाताना आपल्या औषधांच्या चिठ्ठीबरोबर तीही घेऊन जा. रुग्ण कोणते पाणी पितो हे डॉक्टरला ठाऊक असेल, तर पथ्य सांगणे पुष्कळ सोपे जाते.